व्हेट आणि माणसांचे डॉक्टर मिळून संशोधन करतात तेव्हा: कुत्र्याच्या हाडाच्या कॅन्सरवरून काय कळतं आणि सुरुवात कुठून करायची

प्रश्न हाडांच्या कॅन्सरवर काम करू बघणाऱ्या एका एमडी रेसिडेंटचा आहे, थोडक्यात असा: गाईड म्हणतायत व्हेटरनरीवाल्यांबरोबर मिळून काहीतरी कर, पण हे 'वन हेल्थ' (माणसांचं आणि जनावरांचं आरोग्य एकत्र बघणं) वगैरे खरंच उपयोगाचं असतं का फक्त ग्रँटच्या अर्जात लिहायचा शब्द आहे, कुत्र्याच्या ट्यूमरवरून माणसाबद्दल काय कळणार, आणि करायचंच असेल तर सुरुवात कुठून करू?

मी व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर आहे. बावीस वर्षं प्रॅक्टिस, त्यातली शेवटची चौदा वर्षं जनावरांच्या ऑन्कॉलॉजीत, म्हणजे कॅन्सरच्या उपचारात, आणि बराचसा वेळ माणसांच्या हॉस्पिटलमधल्या बोन ट्यूमर टीमबरोबर. त्यामुळे जे लिहितेय ते दोन्हीकडच्या टेबलांवर बसून बघितलेलं आहे, जरा लांबेल.

उपयोग आहे, खूप आहे, पण एका अटीवर. प्रश्न दोघांचा असला पाहिजे. म्हणजे जो आजार तुमच्या वॉर्डात मुलांचा जीव घेतोय तोच आजार माझ्या ओपीडीत कुत्र्यांना आपोआप, कोणी न देता, होत असला पाहिजे, आणि उत्तर सापडलं तर दोघांच्याही पेशंटला त्याचा फायदा व्हायला हवा. ही अट पाळली की काम टिकतं. नाही पाळली तर दोन वर्षांत फाइल बंद होते, हे मी चार-पाच वेळा जवळून बघितलंय.

तुमचा विषय ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा एक कॅन्सर, आहे म्हणून तिथूनच घेते. तुमच्याकडे हा आजार मुख्यतः वाढीच्या वयातल्या मुलांना होतो, बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपास. माझ्याकडे येतात ते मोठ्या जातीचे कुत्रे, रॉटवायलर, ग्रेट डेन, ग्रेहाउंड, आयरिश वुल्फहाउंड. आम्ही विद्यार्थ्यांना जागा लक्षात राहावी म्हणून सांगतो, 'कोपरापासून लांब, गुडघ्याच्या जवळ', म्हणजे पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्यापाशी आणि मागच्या पायात गुडघ्याच्या वर-खाली. कुत्रा लंगडत येतो, पालक म्हणतात उडी मारताना मुरगळला असेल, पंधरा दिवस दुखण्याची गोळी चालते, मग सूज दिसते, एक्स-रे काढला की हाड आतून पोखरलेलं. पुढे जातो फुफ्फुसात, तुमच्याकडे जातो तसाच. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने मिळतात, पाय काढून प्लॅटिनमवाली केमो दिली तर दहा-बारा महिन्यांच्या आसपास.

आता आकडे बघा. अमेरिकेत माणसांमध्ये वर्षाला साधारण हजार नवीन केसेस धरतात. कुत्र्यांमध्ये तिथेच दहा हजारांच्या वर असाव्यात असा अंदाज आहे. तुमच्या आजारात बरं होण्याचं प्रमाण १९८० च्या दशकानंतर जवळपास तिथेच अडकून बसलंय, आणि त्याचं एक मोठं कारण हे की एवढ्या कमी पेशंटवर नवीन औषधाची ट्रायल पूर्ण करायला वर्षानुवर्षं लागतात. कुत्र्यात आजार वेगाने पुढे जातो, आयुष्य लहान, त्यामुळे औषधाने मेटास्टेसिस (कॅन्सरचं शरीरात दुसरीकडे पसरणं) लांबला की नाही हे वर्ष-दीड वर्षात कळतं. उंदरात मानवी पेशी टोचून वाढवलेल्या ट्यूमरला हे जमत नाही कारण त्या उंदराची इम्युनिटीच काढून टाकलेली असते. कुत्र्याला ट्यूमर त्याच्या स्वतःच्या हाडात, स्वतःच्या इम्युनिटीसकट होतो, तो आपल्याच घरात राहतो, आपलीच हवा घेतो. हा फरक कागदावर छोटा वाटतो पण इम्युनोथेरपीच्या बाबतीत सगळा खेळ तिथेच आहे.

एक प्रसंग सांगते कारण मला स्वतःला हे काम काय आहे ते त्या दिवशी कळलं. बोन ट्यूमर टीमचे पॅथॉलॉजिस्ट वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. त्यांच्याकडे दोन जणांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे. मी सात वर्षांच्या रॉटवायलरच्या स्लाइड्स घेऊन गेले होते, पुढचा उजवा पाय, मनगटाच्या वरचा ट्यूमर. सरांनी लो पॉवरवर फिरवलं, मग हाय पॉवरवर गेले, वेड्यावाकड्या पेशी आणि मधेमधे गुलाबी जाळीसारखा ऑस्टिऑइड (कच्चं हाड), सगळं ओळखीचं. मग सहज विचारलं, "नेक्रोसिस किती टक्के धरलात?" मला क्षणभर कळेना काय विचारतायत. तुमच्याकडे आधी केमो देतात, मग ऑपरेशन, आणि काढलेल्या हाडात किती टक्के ट्यूमर मेला ते मोजतात, ९० टक्क्यांच्या वर असेल तर चांगलं लक्षण. आमच्याकडे क्रम उलटा, आधी पाय काढतो, केमो नंतर. मी म्हटलं, "सर, हिला काहीच दिलेलं नाही, हा ट्यूमर जसा होता तसा आहे." ते मायक्रोस्कोपवरून डोळे काढून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे अख्खा ट्यूमर, औषध न लागलेला, तुमच्याकडे दर महिन्याला येतो?"

तुम्ही रेसिडेंट आहात, तुम्हाला लगेच कळेल ते का थबकले. मुलांकडून केमोच्या आधी मिळते ती सुईने काढलेली बायोप्सी, चार धागे. त्यातलं डायग्नोसिसला जातं, संशोधनाला उरतं ते नखभर. माझ्याकडे मुठीएवढा ट्यूमर, कडेपासून मध्यापर्यंत, आजूबाजूच्या चांगल्या हाडासकट, आणि मी तो वर्षानुवर्षं रिपोर्ट झाल्यावर टाकून देत होते. ना त्यांना माहीत होतं आमच्याकडे काय आहे, ना मला माहीत होतं त्यांना काय हवंय. एवढी साधी गोष्ट, आणि दोन इमारतींमध्ये चालत जायला दहा मिनिटं.

आणि लगेच पुढचा धक्का. सरांनी विचारलं डीकॅल्सिफिकेशन कशात करता. आम्ही हाड मऊ करायला जोरदार ॲसिड वापरायचो, एक-दोन दिवसांत काम होतं, स्लाइड छान येते. पण ॲसिडने डीएनए-आरएनएचा चुरा होतो. सिक्वेन्सिंग करायचं असेल तर ईडीटीए या सौम्य रसायनात ठेवावं लागतं, त्याला दिवसच्या दिवस लागतात, पण आतला मजकूर शाबूत राहतो, किंवा मग मऊ भाग वेगळा काढून सरळ गोठवायचा. म्हणजे माझ्या कपाटातले दोन वर्षांचे ब्लॉक्स (मेणात बसवून ठेवलेले ट्यूमरचे तुकडे) त्या कामासाठी गेले पाण्यात. मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या प्रत्येक ब्लॉकमागे एक कुत्रा होता आणि त्याच्या माणसांनी सही करून दिलं होतं की पुढच्यांच्या उपयोगी पडू दे.

म्हणून तुमच्या 'सुरुवात कुठून करू'चं पहिलं उत्तर हेच, प्रोटोकॉल लिहायच्या आधी एकमेकांच्या लॅबमध्ये एक-एक आठवडा नुसते उभे राहा. नमुना कोण घेतं, किती मिनिटांनी फॉर्मॅलिनमध्ये जातो, लेबल कोण लावतं, फ्रीझर कोणाचा, हे बघा. नव्वद टक्के एकत्र अभ्यासांचं घोडं इथेच पेंड खातं, विज्ञान त्याच्यानंतर येतं.

आता 'कुत्र्यावरून माणसाबद्दल काय कळणार'. थोडं इतिहासात जाऊ कारण हा प्रश्न प्रत्येक कमिटीत कोणीतरी विचारतंच. पाय वाचवून नुसतं ट्यूमरचं हाड काढण्याच्या सर्जरीवर कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत पाळीव कुत्र्यांवर जे काम झालं त्यातून माणसांच्या सर्जन्सनी बरंच घेतलं. मिफामुर्टाइड हे औषध, जे युरोपात २००९ मध्ये मुलांच्या ऑस्टिओसार्कोमासाठी मंजूर झालं, त्याने आयुष्य वाढतं हे आधी १९८० च्या दशकात पाळीव कुत्र्यांच्या ट्रायलमध्ये दिसलं होतं. (अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली नाही, हेही सांगायला हवं.) अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २००३ मध्ये कम्पॅरेटिव्ह ऑन्कॉलॉजीचा (जनावरांचा आणि माणसांचा कॅन्सर शेजारी ठेवून अभ्यासण्याचा) वेगळा प्रोग्रामच काढला, व्हेटरनरी कॉलेजांचं जाळं बांधून. कुत्र्याचा जीनोम २००५ मध्ये आला, ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा, आणि तेव्हापासून जनुकांची तुलना करणं खूप सोपं झालं.

कॅन्सरच्या बाहेर तर अजून ठळक उदाहरणं आहेत. मला सगळ्यात आवडणारं नार्कोलेप्सीचं, म्हणजे दिवसा अचानक झोप येण्याच्या आजाराचं. स्टॅनफर्डमध्ये असे डॉबरमन होते की आवडता खाऊ समोर दिसला की आनंदाने शेपूट हलवता हलवता पाय लुळे पडून जमिनीवर कोसळायचे, शुद्धीवर असायचे पण हलता येत नसे, मग थोड्या वेळाने उठून खायला लागायचे. एमॅन्युएल मिन्यो यांच्या टीमने वर्षानुवर्षं शोधून १९९९ मध्ये त्यामागचा जीन पकडला, हायपोक्रेटिनचा (मेंदूतलं जागं ठेवणारं रसायन) रिसेप्टर. लगेच पुढच्या वर्षी कळलं की नार्कोलेप्सीच्या माणसांच्या मेंदूतही हायपोक्रेटिनच कमी असतं, आणि तोच धागा उलटा पकडून निद्रानाशाची नवीन औषधं आली. तसंच ब्रियार्ड जातीच्या आंधळ्या पिल्लांचं, आरपीई६५ जीनमधला दोष, २००१ मध्ये लॅन्सलॉट नावाच्या कुत्र्याला आणि त्याच्याबरोबरच्या कुत्र्यांना जीन थेरपीने दिसायला लागल्याचं छापून आलं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्याच दोषाने आंधळ्या होत जाणाऱ्या मुलांसाठी लक्सटर्ना ही जीन थेरपी मंजूर झाली. मांजरांना हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार खूप होतो, मेन कून जातीत त्याचा जीन २००५ मध्ये सापडला, तो माणसातल्याच जीनचा भाऊ. त्या आजारावरचं मावाकॅम्टेन हे औषध आधी पाच मांजरांना देऊन बघितलं होतं, हृदयातून रक्त बाहेर जायला होणारा अडथळा कमी झाला, तो पेपर २०१६ चा, माणसांसाठी मंजुरी २०२२ ला.

आणि फायदा एकाच दिशेने जातो असं समजू नका. मांजरांचा एफआयपी म्हणजे कोरोनाव्हायरसमुळे होणारा पोटात पाणी भरणारा आजार, मी शिकत होते तेव्हा तो झाला की पालकांना सांगायचं, निरोप घ्या. मग कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये नील्स पेडरसन यांच्या टीमने जीएस-४४१५२४ हे औषध वापरून मांजरं बरी करून दाखवली, ते औषध रेमडेसिव्हिरचं अगदी सख्खं, शरीरात गेल्यावर रेमडेसिव्हिरचं तेच होतं. २०२३ मध्ये सायप्रस बेटावर मांजरं धडाधड मरायला लागली तेव्हा तिथल्या सरकारने माणसांसाठी साठवलेल्या कोविडच्या गोळ्या मांजरांना द्यायला परवानगी दिली. माझ्या हाताखाली एफआयपीचं पहिलं मांजर बरं होऊन गेलं तो दिवस मी विसरणार नाही.

रक्त पातळ करणारं वॉर्फरिन तुम्ही रोज लिहून देत असाल. त्याचं मूळ गोठ्यात आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गायीगुरं शिंगं कापल्यावर किंवा साध्या जखमेनेही रक्त वाहून मरायला लागली, फ्रँक स्कोफिल्ड या कॅनडातल्या व्हेटने ताडलं की बुरशी लागलेल्या स्वीट क्लोव्हरच्या चाऱ्यामुळे हे होतंय. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि तो चारा गाडीत घालून मदत शोधत युनिव्हर्सिटीत पोचला आणि कार्ल पॉल लिंक यांच्या लॅबचं दार त्याला उघडं मिळालं. त्यातला पदार्थ शुद्ध रूपात हाती यायला सहा वर्षं लागली. पुढे त्याच घराण्यातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला, मग १९५४ मध्ये माणसांना. मी विद्यार्थ्यांना हे सांगते ते एवढ्यासाठी की त्या शेतकऱ्याचा प्रश्न आणि हृदयाच्या डॉक्टरांचा प्रश्न मुळात एकच होता, रक्त गोठतं कसं, फक्त त्या दोघांची कधी भेट झाली नव्हती.

आता सावधगिरी. 'वन मेडिसिन' म्हणजे माणसांचं आणि जनावरांचं वैद्यक एकच, पण त्याचा अर्थ 'सगळ्यांना सेम डोस' असा कोणी लावला तर पेशंट मरतो. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध कुत्र्याला देता येतं, मांजराला दिलं तर फुफ्फुसात पाणी होऊन ते जातं. पॅरासिटामॉलची एक साधी गोळी मांजराला पुरते, जीव घ्यायला. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये एमडीआर१ जीनमध्ये बिघाड असतो, त्यांना आयव्हरमेक्टिनचा जास्त डोस किंवा व्हिन्क्रिस्टिनचा नेहमीचाच डोससुद्धा झेपत नाही, आणि तोच जीन तुमच्या पेशंटमध्येही औषध पेशीबाहेर फेकायचं काम करतो. म्हणजे फरक हीसुद्धा माहितीच आहे, फक्त ती आधीच विचारायची, पेशंट गेल्यावर नाही. तुमच्या टीममधल्या कोणीही जनावराचा डोस स्वतःच्या मनाने लिहायचा नाही, हे पहिल्या मीटिंगमध्ये कागदावर घ्या.

मोजमापाचा एक मुद्दा तुमच्याकडचे लोक हमखास विसरतात. तुमचा शेवटचा आकडा असतो ओव्हरऑल सर्व्हायव्हल, पेशंट किती जगला. माझ्याकडे तो आकडा तितका सरळ नाही, कारण बहुतेक कुत्र्यांचा शेवट युथनेशियाने, म्हणजे इंजेक्शन देऊन शांतपणे मरण देऊन, होतो आणि तो कधी करायचा हे पालक ठरवतात. एखादं घर खोकला सुरू झाल्यावर त्याच आठवड्यात निर्णय घेतं, एखादं घर अजून दोन महिने ऑक्सिजन देत थांबतं. आजार तोच, आकडे वेगळे. म्हणून आमच्या ट्रायलमध्ये मुख्य मोजमाप ठेवायचं ते मेटास्टेसिस दिसेपर्यंतचा काळ, ठरलेल्या तारखांना छातीचा एक्स-रे किंवा सीटी काढून, आणि वाचणाऱ्याला कुत्रा कोणत्या ग्रुपमधला ते माहीत नसलं पाहिजे. याउलट एक गोष्ट आमच्याकडे आहे जी तुमच्याकडे फार दुर्मिळ झालीय, शवविच्छेदन. पालक रडत असतात पण विचारलं तर बरेच जण हो म्हणतात, आणि मग शेवटच्या टप्प्यातल्या फुफ्फुसातल्या गाठी, हाडातल्या गाठी, सगळं काही तासांच्या आत ताजं मिळतं.

साइड इफेक्ट्स मोजायला आमच्याकडे तुमच्या सीटीसीएईच्या (साइड इफेक्टची तीव्रता ठरवायच्या ठरलेल्या यादीच्या) धर्तीवर केलेलं व्हेटरनरी ग्रेडिंग आहे, ते वापरा म्हणजे ग्रेड ३ म्हणजे काय यावर भांडण होत नाही. केसपेपरवर नुसतं 'जेवण कमी' लिहिलं तर त्याचं पुढे काहीच करता येत नाही.

नेगेटिव्ह रिझल्टबद्दलही लिहिते कारण त्याला कोणी किंमत देत नाही. सिरोलिमस म्हणजे रॅपामायसिन ऑस्टिओसार्कोमात उपयोगी पडेल असं लॅबमधल्या कामावरून खूप वाटत होतं. मग १८ व्हेटरनरी संस्थांनी मिळून ३२४ पाळीव कुत्र्यांवर रँडमाइज्ड ट्रायल केली, पाय काढून केमो दिल्यावर पुढे सिरोलिमस द्यायचं किंवा नाही. २०२१ मध्ये आलं, फायदा नाही. काही जण म्हणाले मेहनत फुकट गेली. मी म्हणते मुलांच्या ट्रायलमध्ये ३२४ पेशंट गोळा करायला किती वर्षं गेली असती, आणि तेवढ्या काळात दुसरं कुठलं औषध रांगेत मागे अडकून राहिलं असतं, ते बघा. आणि त्या कुत्र्यांना ठरलेली पूर्ण ट्रीटमेंट दोन्ही ग्रुपमध्ये मिळाली, कोणालाही वाऱ्यावर सोडलं नाही.

तुमचा विषय कॅन्सर आहे पण संसर्गजन्य आजारांचं दोन शब्दांत सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण 'फक्त ग्रँटचा शब्द आहे का' याचं उत्तर तिथे रक्तामांसाने लिहिलंय. १९९९ चा उन्हाळा, न्यूयॉर्क. माणसांना एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूला सूज, होत होता, तपासणीवरून ठरलं सेंट लुईस एन्सेफलायटिस. त्याच वेळी शहरात कावळे मरून पडत होते आणि ब्राँक्स झूमध्ये फ्लेमिंगो मरायला लागले होते. तिथल्या व्हेटरनरी पॅथॉलॉजिस्ट ट्रेसी मॅकनमारा यांना हे पटेना, कारण सेंट लुईसवाल्या व्हायरसने पक्षी असे मरत नाहीत, आणि घोड्यांमधला ईस्टर्न एन्सेफलायटिस म्हणावा तर त्याला सगळ्यात आधी बळी पडणारे इमू मजेत फिरत होते. मॅकनमारा माणसांच्या आरोग्य खात्याला सांगत राहिल्या की दोन्ही एकच असू शकतं, पण जनावरांच्या डॉक्टरचं ऐकायची तेव्हा सोयच नव्हती. शेवटी निघाला वेस्ट नाइल, जो त्या खंडात आधी कधी सापडलाच नव्हता. त्या साली ६२ माणसांना गंभीर आजार झाला, ७ गेली.

नेदरलँड्समध्ये तर याहून वाईट. २००५ पासून दुधाच्या शेळ्यांच्या मोठ्या गोठ्यांमध्ये शेळ्या गाभडायला लागल्या होत्या, कारण क्यू फीव्हर, जनावरांकडून माणसांना होणारा जिवाणूंचा आजार, व्हेट्सना माहीत होतं. २००७ मध्ये आजूबाजूच्या गावांत माणसांना न्यूमोनिया सुरू झाला. कोणते गोठे बाधित आहेत ते पत्ते बराच काळ गावच्या डॉक्टरांपर्यंत पोचलेच नाहीत, शेतकऱ्यांच्या खाजगीपणाचा प्रश्न म्हणून. २०१० पर्यंत नोंदलेल्या केसेस चार हजारांच्या वर गेल्या आणि पन्नास हजारांहून जास्त जनावरं मारावी लागली, त्यात गाभण शेळ्या होत्या. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला डेटा शेअरिंगच्या करारांचं महत्त्व पटलं, त्याआधी मी ते वकिलांचं काम समजून बाजूला ठेवायचे.

चांगलं उदाहरणही द्यायला हवं. चाडमधल्या भटक्या पशुपालकांमध्ये अभ्यास करताना याकोब झिन्सस्टाग यांच्या टीमला दिसलं की तिथे लस मिळालेल्या गुरांचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे. गुरांच्या लसीची गाडी बर्फपेटीसकट तिथे जातच होती. मग त्याच गाडीत मुलांच्या आणि बायकांच्या लशी ठेवल्या, दोन्ही टीम एकत्र गेल्या, खर्च वाटला गेला. यात कुठलंही नवीन मशीन नाही.

परत तुमच्याकडे येते. भांडणं कुठे होतात ते आधीच सांगते म्हणजे तुम्ही तयार राहाल. एकदा एका मोठ्या लॅबला आम्ही चाळीस कुत्र्यांचे नमुने दिले, भरवशावर, लेखी काही नाही. दीड वर्षाने कळलं की ते त्यांनी दुसऱ्याच अभ्यासात वापरले, आमच्या नोंदी तर सोडाच, कुत्र्यांची जात-वयसुद्धा घेतलेली नव्हती. मला पेपरवर नाव नाही याचं दुःख कमी झालं, जास्त त्रास झाला तो एका आजीमुळे. त्यांच्या लॅब्रॅडॉरचा नमुना त्यात होता, त्या दर सहा महिन्यांनी फोन करून विचारायच्या, डॉक्टर, काही कळलं का त्याच्यावरून? आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून नमुना कोणाचा, किती दिवस ठेवायचा, उरला तर काय, नावं कोणत्या क्रमाने, हे दोन पानांवर लिहून सही झाल्याशिवाय माझ्या फ्रीझरमधून ट्यूब बाहेर जात नाही. तुमच्या सिनियर लोकांना हे उद्धटपणाचं वाटेल, वाटू दे.

संमतिपत्राचं पण बघा. तुमच्या एथिक्स कमिटीला जनावरांचे फॉर्म कळत नाहीत आणि आमच्या कमिटीला तुमचे, त्यामुळे दोन्हीकडे वेगवेगळी मंजुरी लागते आणि त्याला तुमच्या अंदाजापेक्षा दुप्पट वेळ लागतो, थीसिसचा वेळ त्या हिशोबाने धरा. आणि पालक जेव्हा सही करतात तेव्हा ते आशेने करतात. माझ्याकडे नियम आहे, ट्रायलचं बोलणं आणि डायग्नोसिसचं बोलणं एका दिवशी करायचं नाही. कॅन्सर आहे हे ऐकलेल्या माणसाला त्याच तासात फॉर्म दिला तर तो कशावरही सही करेल. ट्रीटमेंट फुकट मिळेल म्हणून कोणी हो म्हणत असेल तर ते पण बोलून घ्यायचं, आणि मधेच बाहेर पडलं तरी कुत्र्याची नेहमीची ट्रीटमेंट थांबणार नाही हे तोंडी पण सांगायचं, नुसतं फॉर्मवर नको.

तुम्हाला रेसिडेन्सीच्या तीन वर्षांत ट्रायल जमणार नाही, त्या फंदात पडूच नका. करता येण्यासारखं हे आहे: दोन्हीकडचे मिळून वीस-वीस जुने ब्लॉक्स घ्या, ॲसिडमधले नाही ना ते आधी विचारा, तुमच्या मुलांच्या बायोप्सी आणि कुत्र्यांचे केमो न झालेले ट्यूमर. एकच प्रश्न निवडा, उदाहरणार्थ ट्यूमरमध्ये शिरलेल्या इम्युन पेशी कुठे बसल्यात, कडेला का मध्यात. त्या पेशी रंगवून दाखवणारी अँटिबॉडी कुत्र्याच्या टिश्यूवर खरंच चालते का हे आधी कुत्र्याच्या नॉर्मल लिम्फ नोडवर लावून बघा, माणसासाठी बनवलेल्या बऱ्याच अँटिबॉडी कुत्र्यावर चालत नाहीत आणि काही चुकीच्याच पेशी रंगवतात, इथे कित्येक थीसिस फसलेत. स्लाइड्स एक व्हेट पॅथॉलॉजिस्ट आणि एक तुमचे पॅथॉलॉजिस्ट, दोघांनी स्वतंत्र वाचायच्या आणि मग शेजारी बसून जिथे मत जुळलं नाही तेवढ्याच परत बघायच्या. ते शेजारी बसणं आठवड्यातून एक ठरलेला वार ठेवा, काहीही झालं तरी रद्द करायचं नाही. आमचा गुरुवार आहे, दुपारी साडेतीन, गेली अकरा वर्षं.

आणि प्रोटोकॉलमध्ये शेवटची एक ओळ आत्ताच घालून ठेवा, नंतर कोणाला आठवत नाही: अभ्यास संपला की ज्यांच्या जनावराचा नमुना घेतला त्या प्रत्येक घराला एक पानाचं पत्र जाईल, साध्या भाषेत, त्यात काय बघितलं, काय सापडलं, काही सापडलं नसेल तर तेही, आणि जनावराचं नाव घालून. ते पत्र कोण लिहिणार त्याचं नावही तिथेच लिहा.